हाकेला ओ

मंडणगडच्या बाजारात लवू मिस्त्रीला आवाजावरून कोणी फसवू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पंप असो, मिक्सर असो, गीझर असो, लवूची पद्धत एकच. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक मध्येच आपलं पुराण सुरू करायला लागलं की हा चिडायचा. "तुमी जरा गप ऱ्हावा. त्याला बोलू दे." मग डोळे उघडून सांगायचा, बेअरिंग गेलंय, नायतर पाइपात हवा धरलीय, नायतर कॉइलमध्ये क्षार बसलाय. तीस वर्षांत तो चुकला असेल तर दोनदा किंवा तीनदा. आता असा माणूस जरा ताठ्यात राहतो, आणि राहणारच की.

तर फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्याला दीक्षाचा फोन आला. दीक्षा म्हणजे भिवा गमऱ्यांची मुलगी, कल्याणला असते. "लवूदादा, आमच्याकडे न्हाणीतून सारखा आवाज येतोय. दिवसरात्र. गीझरचा असेल. तुम्हीच बसवला होता ना? जरा येऊन बघता का?"

तुम्हीच बसवला होता ना. ती सहज बोलून गेली, पण लवूने हातातला पाव परत बशीत ठेवला.

कारण तो गीझर त्यानेच बसवला होता, हे तो कसं विसरेल? भिवाकाका मुंबईला गोदीत नोकरी करून रिटायर झाले, गावी येऊन त्यांनी सिमेंटचं घर बांधलं, आणि हौसेने गॅसचा गीझर आणला. लवू म्हणाला होता, काका, हा बाहेरच्या भिंतीला लावायचा, ह्याचा धूर आत कोंडता नये. भिवाकाका म्हणाले, "पावसात बाहेर गंजून जाईल रे. आत लाव. वर झरोका ठेवलाय की एवढा मोठा." लवूने दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा लावून दिला. तीन पावसाळे बरे गेले. चौथ्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, झरोक्यातून झड आत यायला लागली म्हणून भिवाकाकांनी तिथे प्लायवूड ठोकलं, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेले ते गेलेच. गीझरच्या धुरातल्या त्या वायूला वास नसतो. माणसाला कळतही नाही.

लवूला कोणी एका शब्दाने बोललं नाही. पण तेव्हापासून त्याने गॅसचा गीझर हातात घेतला नव्हता. आता मात्र ना म्हणायला तोंड कुठे होतं? त्याने बाजारातली हातातली कामं उरकली, हत्यारांची पिशवी घेतली आणि स्कूटरला किक मारली.

गमऱ्यांचं घर बारा किलोमीटरवर, वाडीच्या अगदी शेवटी, कातळाला लागून. वाडी म्हणायची, पण निम्म्या घरांना कुलपं, माणसं सगळी मुंबईला. लवू पोचला तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. काजूला मोहर होता, त्याचा तो गोडूस वास उन्हात जड होऊन खाली बसला होता. चिटपाखरू हलत नव्हतं. आपल्याकडे रात्रीला उगाच नावं ठेवतात. भर दुपारी ओसाड वाडीत उभं राहून बघा एकदा.

दीक्षा फाटकातच उभी होती. डोळ्यांखाली काळं आलेलं.

"आत जायच्या आधी ऐका," ती हळू आवाजात म्हणाली. "आईला न्यायला मी चार दिवस झाले आलेय. ती येत नाही. त्या न्हाणीच्या दारासमोर खुर्ची टाकून बसलीय. जेवण नाही, दिवसाला पेलाभर पेज, ती पण मी भरवली तर. शुगर आहे तिला. डॉक्टर म्हणाले, असं आठवडाभर चाललं तर हिला उचलून आणावं लागेल."

"पण का बसल्यात?"

दीक्षाने घराकडे बघितलं. "ती म्हणते, तो आवाज बाबांचा आहे."

लवूने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"आमच्यात भूतखेत मानत नाहीत, लवूदादा. आईने सुद्धा कधी मानलं नाही. बालवाडीत पोरांना हेच शिकवलं तिने. म्हणून मी भगताला नाही बोलावलं, मिस्त्रीला बोलावलं. काल तिने माझ्याशी कबूल केलंय. मिस्त्रीने आवाज बंद केला तर तो यंत्राचा, मग मी तुझ्याबरोबर येते. आणि नाही बंद झाला तर तू एकटी जा." तिने फाटक उघडलं. "काहीही करा, पण तो आवाज बंद करा. नाहीतर माझी आई त्या खुर्चीतच जाईल."

लवू मान हलवून आत गेला. दिवाणखान्यात बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची मूर्ती, शेजारी भिवाकाकांचा हार घातलेला फोटो. आणि तिथेच त्याला तो आवाज ऐकू आला.

पहिल्यांदा वाटलं, फ्रिज. मग वाटलं, लांब कुठेतरी बोअरिंग चाललंय. एकसारखा, खालच्या पट्टीतला, न चढणारा न उतरणारा. कानाला त्रास होईल इतका मोठा नाही, पण एकदा ऐकला की सोडत नाही. लवूला तर बरंच वाटलं. आवाज आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण शोधणं हे त्याचं रोजचं काम.

स्वयंपाकघराच्या पलीकडे बोळ, बोळाच्या टोकाला न्हाणी. दारासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत कमलाकाकू बसल्या होत्या. केस विंचरलेले नव्हते. पायाशी वाटीत पेज, तिच्यावर साय धरलेली.

"जयभीम काकू," लवू म्हणाला.

"जयभीम बाबा. आलास? कर तुझं काम," काकू म्हणाल्या. राग नव्हता आवाजात. डॉक्टरला नाडी दाखवावी तसं त्यांनी दाराकडे बोट दाखवलं.

न्हाणीत सगळं होतं तसंच होतं. झरोक्यातलं प्लायवूड कधीच काढून टाकलेलं, उजेड स्वच्छ येत होता. कोपऱ्यात प्लॅस्टिकचं स्टूल, नळाखाली कोरडी बादली, कोनाड्यात चंदनाच्या साबणाची वडी, सुकून तडे गेलेली. दाराची आतली कडी ऑगस्टमध्ये दार फोडलं तेव्हा तुटली होती, तिच्या जागी नुसती दोन भोकं.

लवू कामाला लागला. गीझर बंदच होता, तरी त्याने आधी त्याचे सेल काढले. आवाज चालू. गॅसचा सिलिंडर मागच्या पडवीत होता, तो ऑगस्टपासूनच सोडवून ठेवलेला, रेग्युलेटर खिळ्याला टांगलेला. हे बघून लवू पहिल्यांदा जरा चकला. मग त्याने पाण्याचा कॉक बंद केला. कधी कधी गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट गळतो आणि सगळी लाइन थरथरते. आवाज चालू. गच्चीवर चढून टाकीचा फ्लोट बांधून आला. चालू. मग मेन स्विच खाली ओढला. फ्रिज थांबला, पंखा थांबला, घर एकदम मुकं झालं, आणि त्या मुकेपणात तो आवाज जास्तच स्वच्छ ऐकू यायला लागला.

त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला. गीझरला लावला. काही नाही. गरम पाण्याच्या पाइपला, गार पाण्याच्या पाइपला, नळाला, फरशीला, भिंतीला. काही नाही. हाडातून काहीच येत नव्हतं, आणि उघड्या कानाला मात्र येत होतं. असं होत नसतं हो. आवाज म्हटला की तो कशातून तरी निघतो. गीझरपाशी जाऊन ऐकलं तरी तेवढाच, अंगणात जाऊन ऐकलं तरी तेवढाच. त्या आवाजाला लांब-जवळ नव्हतं.

"शेजारी कोणाचा पंप..." लवूने विचारलं.

"शेजारी कोणी नाही," दीक्षा म्हणाली.

शेवटी त्याने पाना घेतला आणि गीझरच उतरवला. पाइपांना बूच मारले, चार स्क्रू काढले, यंत्र दोन्ही हातांनी उचलून बोळात आणून ठेवलं. भिंतीवर चौकोनी डाग राहिला. तिघंही गप्प उभी राहून ऐकत होती. आवाज जिथल्या तिथे.

"काढलास ना?" कमलाकाकू म्हणाल्या. "आता दार लावून घे, आणि इकडून ऐक. तुझं ते दाराला लाव."

लवूने दार ओढून घेतलं. बाहेरून दाराला टोक टेकवलं आणि मूठ कानामागे धरली.

आता पुढचं त्याने मला एकदाच सांगितलं, पुन्हा विचारायचं नाही या अटीवर. हाडातून जे आलं ते यंत्राचं नव्हतं. ते माणसाच्या गळ्याचं होतं. तोंडाला साबण लावलेला, डोळे मिटलेले, आणि बाहेरून कोणी हाक मारली की माणूस ओठ न उघडता देतो ना, तसली ओ. फक्त ती संपत नव्हती. मध्ये श्वास नव्हता.

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली केला.

"ऐकलंस," काकू म्हणाल्या. मग त्या हळूहळू बोलायला लागल्या, जणू लवू मिस्त्री नव्हताच, त्या स्वतःलाच सांगत होत्या. "त्या दिवशी मी चहा ठेवला. हाक मारली, अहो, झालं का? आतून ओ आली. म्हटलं, येतील. दहा मिनिटांनी परत हाक मारली. ओ आली. चहा दोनदा गरम केला मी. चाळीस मिनिटं, बाबा. चाळीस मिनिटं ते ओ देत होते, म्हणून मी दार नाही ठोठावलं. मग डॉक्टर मला म्हणाले, आजी, ते पहिल्या दहा मिनिटांतच गेले. तुम्ही गीझरची घरघर ऐकली आणि तुम्हाला ओ वाटली." त्यांनी लवूकडे बघितलं. "बावीस वर्षं हजेरी घेतली मी बालवाडीत. ओ कोणाची आणि घरघर कशाची, मला कळत नाही होय रे?"

"आई, पुरे," दीक्षा म्हणाली.

"जलदान विधी झाला, पाव्हणे गेले, घर रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी मी सवयीने हाक मारली. आणि ओ आली. तेव्हापासून चालू आहे. ते ओ देतायत आणि मी त्यांना टाकून कल्याणला जाऊ? एकदा नाही उघडलं मी दार. आता तरी बसू दे मला."

दीक्षा भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. ठरल्याप्रमाणे ती हरली होती. लवूला ते बघवेना. त्याला वाटलं, हा गीझर मी आत लावला नसता तर ही बाई आज चहा घेऊन पडवीत बसली असती, आणि ही पोर कल्याणला आपल्या घरी असती. जीव तुटत होता त्याचा. आणि जीव तुटत असला की माणूस काहीबाही सुचवतो.

"काकू," तो म्हणाला, "तुमी त्यांना सांगितलाव काय?"

"काय?"

"तुमी जाताय म्हणून. मुंबईला जाताना आपण घरातल्या माणसाला सांगून निघतो ना? तसा कोणी त्यांना सांगितलाच नाय. तुमी हाक मारलीत, ते ओ देतायत, आणि पुढचा कोणी बोलतच नाय. एवढंच अडलेलं असंल."

दीक्षाने रागाने वर बघितलं. मिस्त्रीकडून तिने ही अपेक्षा केली नव्हती. पण काकूंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"खरंच," त्या म्हणाल्या. "ते माझ्या लक्षातच नाही आलं."

त्या उठल्या. चार दिवसांत पहिल्यांदा आपणहून उठल्या. केस विंचरले, ट्रंकेतली निळ्या काठाची पांढरी साडी नेसल्या, आणि न्हाणीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. दाराला तळहात लावला. लवू आणि दीक्षा मागे बोळात.

"अहो," काकू म्हणाल्या. आवाज जरासा चढला, किंवा लवूला तसं वाटलं. "दीक्षा न्यायला आलीय. कपाट लावलंय. दूधवाल्याला सांगितलंय. तुम्ही काळजी करू नका." त्यांनी पदर सारखा केला. "येते हं मी."

आणि आवाज थांबला.

हळू होत होत नाही. तोडल्यासारखा थांबला. लवूला मागच्या आवारात वाळलेलं पान पडल्याचं ऐकू आलं. दीक्षाने आईला मागूनच मिठी मारली आणि दोघीही हमसून हमसून रडल्या. काकू रडता रडता हसत होत्या. "ऐकलं त्यांनी," म्हणत होत्या. "साधी गोष्ट होती ग. साधी गोष्ट."

मग त्या घरात अगदी आनंदीआनंद झाला म्हणा ना. मेन स्विच वर केला, पाण्याचा कॉक सोडला, पंखे फिरले. दीक्षाने भात टाकला. काकू ताटभर जेवल्या, वर ताक प्यायल्या, लवूला आग्रह करून करून वाढलं. दीक्षाने मंडणगडला फोन करून तीनची गाडी सांगितली. लवू पण मोकळा झाला होता. सहा महिन्यांचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटत होतं. त्याने गीझर गोणपाटात गुंडाळला आणि बाहेर नेऊन स्कूटरच्या मागच्या सीटवर बांधायला घेतला. हे यंत्र आता भंगारात, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

दीक्षा बॅगा ओट्यावर आणत होती. "आई तोंडावर पाणी मारून येतेय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आता रंग आला होता. "थँक्यू, लवूदादा. मला पटत नाही हे सगळं, पण तिला पटलं, बस झालं."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. खालच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला.

"आई, झालं का?" दीक्षाने ओट्यावरूनच हाक मारली.

"ओ," आतून आली.

दीक्षा बॅगेची चेन लावत बसली. "मी निघायच्या आधी कुलूप सापडलं पाहिजे," असं काहीतरी पुटपुटली. लवू दोरीची गाठ मारत होता. गाठ अर्धी झाली आणि त्याचे हात थांबले.

आतली ओ अजून संपली नव्हती.

"दीक्षाताई," तो म्हणाला. "ती ओ..."

दोघंही धावली. न्हाणीचं दार लोटलेलं होतं. कडी नव्हतीच त्याला, तरी ते उघडेना. आतून कोणी पाठ लावून बसल्यासारखं लागत होतं. लवूने खांदा दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ते आपसूक उघडलं, काही अडलंच नव्हतं अशासारखं, आणि आवाज बंद झाला. कमलाकाकू स्टुलावर बसल्या होत्या, पलीकडच्या भिंतीला डोकं टेकून. नळ चालू होता, पाणी त्यांच्या हातावर पडत होतं. चेहरा इतका शांत आणि गुलाबी होता की दीक्षा क्षणभर त्यांना हलवून उठवतच राहिली. वर झरोका सताड उघडा होता.

तीनच्या त्याच गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. लवू मागून स्कूटरवर. ड्यूटीवर तेच डॉक्टर होते, ऑगस्टमधले. त्यांनी काकूंना तपासलं, ओठ बघितले, नखं बघितली, आणि हातमोजे काढून बाहेर आले तेव्हा ते चिडलेले होते.

"एकाच घरात दुसरं," ते म्हणाले. "एकदा सांगून कळत नाही का तुम्हाला? हा गुलाबी रंग कशाने येतो, मी तेव्हाच सांगितलं होतं. गॅसचा गीझर आणि बंद न्हाणी. आधी डोकं जड होतं, मग नुसती झोप येते, माणूस बसल्या जागी जातो. गीझर चालू कोणी केला?"

दीक्षाने लवूकडे बघितलं.

"डॉक्टर," लवू म्हणाला, "गीझर माझ्या स्कूटरला बांधलाय. गोणपाटात. बाहेर उभी हाय बघा."

डॉक्टर खिडकीशी गेले. स्कूटरवरचं गोणपाट बघितलं. मग येऊन टेबलापाशी बसले आणि कागदावर काही न लिहिता पेन हातात धरून राहिले.

मातीला लवू गेला, जलदान विधीलाही गेला. घरात पन्नास माणसं होती, भिक्खू आले होते, वंदना चालली होती. तरी बोळाच्या तोंडाशी उभं राहिल्यावर त्याला ऐकू आलंच. परत तोच आवाज. पण आता तो जरा भरलेला होता, दोन तारा एका सुरात लावाव्यात तसा. इतरांनीही ऐकला असणार, कारण त्या बोळात कोणी थांबत नव्हतं. दीक्षाच्या नवऱ्याने तर मधलं दार लावून पुढे खुर्च्या रचल्या होत्या. तो रजा नव्हती म्हणून दुसऱ्याच दिवशी निघून गेला. दीक्षा आवराआवर करायला दोन दिवस मागे राहिली.

लवू त्या दिवसांत कोणाशी धड बोलत नव्हता. राहून राहून त्याला एकच कोडं पडायचं. निरोप तर नीट घेतला होता. आवाज थांबला होता. काकूंना सोडलं होतं भिवाकाकांनी, मग परत कशाला बोलावलं? दुष्ट माणूस नव्हता हो तो. मुंगी पायाखाली आली तर पाय उचलणारा माणूस.

विधीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी लवू चहा पीत बसला होता. त्याची बायको सखू पिशवी घेऊन बाजाराला निघाली. उंबऱ्यात चप्पल घालता घालता तिने नेहमीसारखं आत बघून म्हटलं, "येते हो."

लवूच्या हातातला कप तसाच राहिला.

आपल्यात जाते कोणी म्हणत नाही. जाते म्हणणं अशुभ. जाणारं माणूस येते म्हणतं आणि घरातलं माणूस ये म्हणतं, आणि त्याचा अर्थ जाणं असा आहे हे दोघांनाही कळतं. जिवंत असतात तोवर कळतं. पण सहा महिने दाराआड नुसती ओ देत बसलेल्या माणसाला कोण शिकवणार? काकूंनी दाराला हात लावून सांगितलं, येते हं मी. भिवाकाकांनी ऐकलं. बायको येते म्हणाली. म्हणून ते गप्प झाले, आणि वाट बघत बसले.

आणि हे सांगून निघायचं मी सुचवलं, लवूच्या डोक्यात आलं. पाठोपाठ दुसरंही आलं. दीक्षा आज निघणार होती.

त्याने फोन लावला. लागेना. वाडीतली रेंज कधी येते, कधी जाते. तसाच अनवाणी धावत जाऊन त्याने स्कूटर काढली. त्या बारा किलोमीटरमध्ये तो तोंडाने एकसारखा एकच पुटपुटत होता, म्हणू नको, बाय, म्हणू नको. घाटीच्या वळणावर एसटीखाली जाता जाता वाचला.

पोचला तेव्हा गाडी फाटकात उभी होती, मागे बॅगा भरलेल्या. दीक्षा ओट्यावर कुलूप लावत होती. लवूला धाप लागली होती.

"बरं झालं आलात," ती वळून म्हणाली. इतक्या रात्रींच्या जागरणानंतर पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल पडलेला होता. "मी फोन करणार होते मंडणगडला गेल्यावर. लवूदादा, आवाज थांबला."

लवूने घराकडे बघितलं. काहीच नाही. मोहरावर माशा गुणगुणत होत्या तेवढंच.

"कधी?" त्याने विचारलं.

"आत्ताच. निघताना म्हटलं, आई बसायची तिथे एकदा उभी राहून यावं. मानत नाही मी, पण आईबाबाच आहेत ना. न सांगता कशी निघणार? दाराला हात लावला आणि सांगितलं. तेवढ्यात थांबला."

"काय... काय म्हणालात?"

दीक्षाला त्या प्रश्नाचं जरा नवलच वाटलं. "काय म्हणणार? येते म्हटलं."

तिला काय सांगायचं? कुठल्या शब्दात सांगायचं? आता परत आत जाऊन जाते म्हणा, असं? ती कुलपाची किल्ली पर्समध्ये टाकून गाडीत बसली सुद्धा. बसल्यावर तिने दोन बोटांनी कपाळ चोळलं.

"डोकं जड झालंय हो जरा," ती म्हणाली. "मघापासून नुसती झोप येतेय. कल्याणपर्यंत झोपूनच जाते आता."

ड्रायव्हरने एसी लावला आणि चारी काचा वर केल्या.